सरांची सतरा नंबरची डिस्क

आमच्या सरांच्या घरी अवेळी कुणी आलं की काकू दारातच सांगत, "घरात नाहीत." आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून सरांचा आवाज यायचा, "हाय मी. पण आत्ता भेटायचं न्हाई." आलेला माणूस ओशाळायचा, काकू कपाळाला हात लावायच्या आणि सर आत निवांत वाचत बसायचे. काकूंनी लग्नानंतर काही वर्षं हा उद्योग करून पाहिला, मग सोडून दिला. पुढं त्या सरळ म्हणायच्या, "आहेत, पण भेटणार नाहीत," आणि त्या वाक्याची परभणीतल्या त्यांच्या सगळ्या गल्लीला सवय झाली.

खोटं न बोलणारी माणसं मी पुढं आणखीही पाहिली. त्यातल्या बहुतेकांना त्याचा गर्व असायचा. सरांना गर्व मुळीच नव्हता. एखाद्याला वांगं चालत नाही, खाल्लं की अंगावर उठतं, तसं त्यांना खोटं चालत नसे. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून विचारायचा, "कसा झालाय स्वयंपाक?" सर घास खाली ठेवून विचार करायचे आणि सांगायचे, "वरण चांगलंय. बुंदी कालची वाटायली." मयताला गेले तर सगळे म्हणायचे, देवमाणूस होता. सर म्हणायचे, "लय चिडका होता. पण बैलावर जीव होता." गंमत म्हणजे मेलेल्याची बायको त्या दुसऱ्या वाक्यावरच रडायची, कारण ते खरं असायचं. प्राचार्यांनी एकदा गॅदरिंगनंतर भाषण कसं झालं म्हणून विचारलं. "लांबलं," सर म्हणाले. तेव्हापासून प्राचार्य सरांना काही विचारण्याआधी इकडंतिकडं बघून घेत.

सर मूळचे गणिताचे. कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाला जोडून कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स सुरू झाला आणि दुसरं कुणी हात वर करेना म्हणून तो सरांच्या गळ्यात पडला. आम्ही पहिल्या तुकडीतल्या, सगळ्या मुली. पहिल्याच तासाला सरांनी सांगून टाकलं, "हे मलाबी येत न्हाई. तुमच्यापेक्षा एक धडा पुढं हाय, इतकंच." आम्हा सगळ्यांना ते 'बाई' म्हणत, अहो-जाहो करत. अठरा-वीस वर्षांच्या पोरींना त्याचं इतकं अप्रूप की आम्ही घरी जाऊनही एकमेकींना बाई म्हणत असू.

मशीन एकच. एका जुन्या स्टोअररूमला चुना मारून त्यात ते बसवलेलं, वर काकूंनी जुन्या पडद्याचं शिवलेलं आवरण. चपला बाहेर, केस बांधलेले, हात धुतलेले, देवघरात गेल्यासारखं आम्ही आत जायचो. मशीन कुठल्या तरी ऑफिसानं वापरून टाकलेलं, कॉलेजला देणगी म्हणून आलेलं. सरांनी त्याला कधी नवं म्हटलं नाही. पाहुण्यांना दाखवताना म्हणत, "म्हातारं हाय. पण ऐकतंय."

माझे बाबा पिंगळीला रेल्वेच्या गँगमध्ये. दिवसभर रुळावर चालायचं, सैल झालेलं घट्ट करायचं, हे त्यांचं काम. मी पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला यायची. आमच्या वस्तीतून इतकी शिकलेली मीच. मला या कोर्सला घालताना बाबांनी कोर्सची काही चौकशी केली नाही. "तिथं तो माणूस हाय ना? मग जा," एवढंच म्हणाले.

तो माणूस म्हणजे सर. बाबा त्यांना का ओळखत, हे सांगायला हवं. सरांचं गाव सेलूकडचं, देवगाव फाट्याला उतरून आत चालत जायचं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्या गावातली आमच्या लोकांची घरं जाळली. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा अख्ख्या गावानं सांगितलं, आम्ही झोपलो होतो. सरांनी मात्र डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, नावानिशी. त्यातलं एक नाव त्यांच्या सख्ख्या चुलत्याचं होतं. त्यानंतर भावकीनं त्यांना घरात घेतलं नाही. सर दर दिवाळीला देवगाव फाट्यापर्यंत जायचे, तिथल्या हॉटेलात चहा प्यायचे, गावचं कुणी दिसलं आणि बोललं तर बोलायचे आणि परत यायचे. मी शिकून बाहेर पडायच्या आत विद्यापीठाला ते नाव मिळालं. त्यानंतरच्या दिवाळीला फाट्यावरच्या बाकावर सरांचा धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. काय बोलला, तर म्हणे, "चहा माझ्याकडून." सर हे सांगताना इतके हसत की पुढचं ऐकूच यायचं नाही.

तर अशा माणसाच्या हातात आमचं ते मशीन, आणि परीक्षेला थोडे आठवडे उरलेले असताना त्याची डिस्क गेली. आधी आत खडखड वाजलं, मग गप्प. डिस्क म्हणजे मशीनचं कोठार, आम्ही वर्षभर केलेलं सगळं त्यात, आणि मशीन चालवणारे प्रोग्रामही त्यातच. परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक येणार होते. मशीन बंद दिसलं तर परीक्षा नाही, आणि आमचं वर्ष गेलं.

सरांनी हैदराबादच्या व्यापाऱ्याला एसटीडी बूथवरून फोन लावला. जुनी डिस्क चाळीस एमबीची होती. तेवढी लहान आता बनत नाही, दोनशे दहाची पाठवतो, असं तो म्हणाला. दोनशे दहा. आज लग्नाच्या एका व्हिडिओलाही ती पुरायची नाही, पण तेव्हा आम्हाला ते मोंढ्यातल्या गोदामाएवढं वाटलं. एसटीच्या पार्सलनं डिस्क आली. सरांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, आणि बसवली. मशीन सुरू केलं तर त्यानं डिस्क आहे असं मानायलाच नकार दिला.

भानगड अशी होती. त्या जुन्या मशीनला आधी सांगावं लागे की आतली डिस्क केवढी आहे. त्यासाठी त्याच्या पोटात काही ठरावीक मापं बनवतानाच घातलेली, आणि प्रत्येक मापाला एक नंबर. आपल्या डिस्कचा नंबर टाकायचा की झालं. आमची जुनी चाळीसची म्हणजे सतरा नंबर. पण ते मशीन बनलं तेव्हा दोनशे दहा एमबीची डिस्क परभणीच्या एखाद्या स्टोअररूमपर्यंत येईल असं कुणाच्या स्वप्नातही नसणार. त्या मापाचा नंबरच नव्हता.

पुन्हा बूथ. मी आणि माझी मैत्रीण सरांच्या मागं उभ्या. फोनमधला आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"साब, आप सत्रा डालो. चल जाता."

"पर वो सत्रा नंबर की है नहीं ना," सर म्हणाले.

"अरे साब, मशीन को क्या मालूम?"

"मेरे को मालूम है," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्हाला वाटलं, चला, उपाय सापडला. सतरा टाकायचं, मशीन चाळीसपुरतं चालेल, बाकीची डिस्क आत रिकामी पडून राहील, राहू दे. पण सरांनी खोलीला कुलूप लावलं आणि गणिताचे तास घ्यायला निघून गेले. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. घाला की सतरा, त्यात काय, असं त्यांचं म्हणणं. सरांनी किल्ली त्यांच्यापुढं ठेवली, "तुमी घाला." प्राचार्य मशीनला इतके भीत की त्या खोलीत पाऊलही टाकत नसत. किल्ली टेबलावरून परत सरांच्या खिशात आली. सगळ्या कॉलेजात चेष्टा सुरू झाली. स्टाफरूममध्ये कुणी वय विचारलं तरी उत्तर यायचं, सतरा. सर मात्र हैदराबादला, पुण्याला पत्रं टाकत होते, कुठं खऱ्या मापाचा इलाज मिळतो का म्हणून.

त्याच आठवड्यात बाबा कॉलेजात आले. ड्यूटीवरून तसेच, निळ्या कपड्यांत. पूर्णेचं एक स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगा बरा होता, पण त्या लोकांना उन्हाळ्यातच लग्न उरकायचं होतं. बाबांचा हिशेब सरळ होता. माझी परीक्षा होणार असेल तर ते त्यांना थांबा म्हणणार होते. वर्ष वायाच जाणार असेल तर कशाला थांबायचं? आणि हे ठरवायला त्यांना एकाच माणसाचा शब्द हवा होता.

"सर, मशीन सुरू व्हईल का परीक्षेच्या आत?"

मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. दुसऱ्या कुणाही मास्तरानं म्हटलं असतं, होईल हो, काळजी करू नका.

"सांगता येत न्हाई, दादा," सर म्हणाले.

बाबांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटलं असावं की कुणीतरी सरळ सांगितलं. गाडीत मला म्हणाले, रविवारी पूर्णेची माणसं यायचीत, त्यांना हो म्हणतो. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी मला सरांचा आला तसा राग आयुष्यात कुणाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोअररूमच्या पायरीवर मी त्यांना गाठलं. आधी गोडीनंच बोलले. माझी आत्या आमच्यात राहते, तिला नीट दिसत नाही, ती रोज विचारते कॉलेजात काय करतेस, आणि मी सांगते, टाइप करते. तेवढंच तिला कळतं, तेवढंच सांगते. मग मी आत्याशी खोटं बोलते का? मशीनलाही त्याला कळतं तेवढं सांगावं.

सरांनी खिशातली किल्ली काढून तळहातावर धरली.

"बाई, आमच्या गावात त्या दिवशी खोटं कुनीच बोललं न्हाई," ते म्हणाले. "समद्यांनी कमी सांगितलं. झोपलो होतो म्हनले. झोपले बी असतील. आग लागायच्या आदी."

गप्प बसले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. पण रविवार डोळ्यांपुढं होता.

"सर, तिथं कमी सांगितलं त्यात घर जळालेल्यांचं नुकसान झालं. इथं चाळीस सांगितलं तर कुणाचं होतं? डिस्कचं? आणि तुम्ही नाही सांगितलं तर माझं होतंय, रविवारी लग्न ठरतंय. एवढं तरी खरं आहे का नाही?"

मी इतकी रडत होते की शेवटचे शब्द मलाच ऐकू आले नाहीत. सर मात्र एखादं गणित फळ्यावर मांडल्यासारखे समोर बघत राहिले. नुकसान कुणाचं, असं दोनदा पुटपुटले. मग उठून त्यांनी कुलूप काढलं.

"तुमी टाका, बाई. मी व्हरांड्यात उभा ऱ्हातो. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

मी सतरा टाकला. मशीननं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि चाळीस एमबीची डिस्क सापडल्याचं मान्य केलं. सर आत आले, पडद्याकडं पाहिलं, आणि पुढचे दोन दिवस फ्लॉपीमागून फ्लॉपी घालून सगळे प्रोग्राम पुन्हा भरले. ते काम खरं होतं, त्याला त्यांची हरकत नव्हती. शेवटी एका पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'या मशीनमधली डिस्क दोनशे दहा एमबीची आहे. मशीनला चाळीस सांगितले आहे. माणसांनी लक्षात ठेवावे.' कागद मशीनच्या कपाळावर चिकटवला, तेव्हा कुठं त्यांच्या तोंडावर रंग आला.

शनिवारी त्यांनी बाबांना बोलावून मशीन दाखवलं. नुसतं दाखवून कसलं चालतंय? तो कागद वाचून दाखवला, सतरा नंबरची सगळी कथा सांगितली, आपण व्हरांड्यात उभे होतो हेही सांगितलं. बाबा कान देऊन ऐकत होते.

"म्हंजी त्याला झेपंल तेवढंच सांगितलं," बाबा म्हणाले.

"हां. आज तर चालायलंय. परीक्षेच्या दिवशी चालंल का, म्हाईत न्हाई."

बाबांना तेवढं पुरलं. पूर्णेकरांना त्यांनी थांबा म्हणून सांगितलं, आणि ते काही थांबले नाहीत, त्यांनी सेलूची मुलगी केली. आमच्या घरात त्याचं दुःख फक्त आत्याला झालं.

आता आणखी एक गंमत. त्या मशीनची आतली बॅटरी जुनी झाली होती. एकदोन दिवस बंद राहिलं की ते सगळं विसरायचं आणि डिस्क केवढी आहे ते नव्यानं सांगावं लागायचं. त्यामुळं दर सोमवारी आमच्या वर्गात एक विधीच सुरू झाला. मशीन विचारायचं, आम्ही म्हणायचो, "सर, बाहेर जा," सर मुकाट्यानं व्हरांड्यात जाऊन कडुनिंबाकडं तोंड करून उभे राहायचे, आमच्यातली एकजण सतरा टाकायची, आणि मग आम्ही हाक मारायचो, "या, सर." बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं, पोरींनी मास्तरला शिक्षा केलीय.

परीक्षा आली ती नेमकी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. परीक्षक लांबून आलेले, कडक इस्त्रीचे, घाईतले. नियमाप्रमाणे आम्हाला सगळ्यांना बाहेर उभं केलेलं, आत फक्त ते आणि सर. आम्ही खिडकीच्या गजांना नाकं लावून बघत होतो. मशीन सुरू झालं आणि अपेक्षेप्रमाणे सगळं विसरलेलं. डिस्क नाही, असं पडद्यावर आलं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मैत्रिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आत जाऊन सतरा टाकायला आमच्यातलं कुणी नव्हतं.

सरांनी एकदा खिडकीकडं पाहिलं. आम्ही सगळ्या त्यांच्याकडंच बघत होतो. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि परीक्षकांकडं वळून स्वच्छ आवाजात म्हणाले, "साहेब, मी आता याला चाळीस सांगायलोय. हाय दोनशे दहा. तुमी साक्षीला ऱ्हा." आणि एका बोटानं, आधी एक, मग सात, असं टाकलं.

मशीन सुरू झालं. परीक्षकांनी कपाळावरचा कागद वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि पहिलं नाव पुकारलं. आम्ही सगळ्या पास झालो.

उन्हाळ्यात सरांच्या एका पत्राला उत्तर आलं. मोठ्या डिस्कसाठी एक छोटा प्रोग्राम निघाला होता. मशीन आधी सतरा नंबरावरच जागं व्हायचं, आणि जागं झालं की तो प्रोग्राम त्याच्या कानात बाकीचं सांगायचा. सरांनी तो मागवला आणि मला निरोप धाडला. पडद्यावर दोनशे दहाच्या आसपासचा आकडा आला तेव्हा त्यांनी तो कागद हलक्या हातानं काढला, कारण आता तो खोटा झाला होता. मला वाटलं, फाडतील. घडी करून खिशात ठेवला.

त्याच दिवशी मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं. मला औरंगाबादला पुढं शिकायचं होतं. तिथं तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि प्रवेशाचं पत्रही आलं होतं. बाबांना तीन वर्षं म्हटलं की ते हबकणार, हे मला माहीत होतं. सरांनी घरी येऊन बोलावं, ही माझी विनंती, आणि सर घरी आले तर सगळं सांगून टाकतील, ही माझी धास्ती.

सर आले. चहा झाला. बाबांनी विचारलं, "मग पोरीचं पुढं काय करावं म्हन्ता, सर?"

सरांनी बशी खाली ठेवली. "आजून एक वर्ष शिकू द्या," ते म्हणाले.

"वर्षाचं काय, शिकंल की," बाबा म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. स्टेशनपर्यंत मी सरांबरोबर चालत गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला, तोही अर्धाच.

पुढच्याच रविवारी सर भर उन्हात पुन्हा आमच्या दारात. बाबा अंगणात बाजेवर बसलेले. सर बसलेसुद्धा नाहीत.

"दादा, मी तुमाला कमी सांगितलं. तीन वर्षं हाय. मशीनवर कागद लावता आला, तुमच्या दारावर लावता येईना, म्हणून आलो."

मी आत चुलीपाशी, हातातलं पीठ हातात. बाबांनी हळूहळू सुपारी कातरली, तोंडात टाकली. आत्यानंही कान टवकारले होते.

"म्हंजी मलाबी सतरा नंबर लावला," बाबा म्हणाले.

"लावला."

"आन् त्या मशीनला बाकीचं सांगितलं म्हनं, ते कवा?"

"आत्ता, उन्हाळ्यात. परीक्षा झाल्यावर."

"त्याला परीक्षा व्हईपर्यंत येळ दिला तुमी, सर," बाबा म्हणाले. "मला आठवडाबी न्हाई. वर्षभर थांबला असता तर माझं मीच म्हनलो असतो, कर पुढचं."

सर खाली मान घालून उभे. बाबांनी बाजेवर सरकून जागा केली, त्यांना हाताला धरून बसवलं, आणि मला हाक मारली, "तीन तर तीन. सरांसाठी पानी आन." मी पिठाच्या हातानंच तांब्या उचलला.